न्हावा-शेवाच्या चॅनेलमध्ये जहाजं एकमेकांना चुकवतात तरी कशी?

खाडीकाठ (सीवूड्स)

अटल सेतू झाल्यापासून आमच्या सोसायटीत जहाजतज्ज्ञ फार वाढलेत. पुलावरून जाता-येता न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात, जहाजं दिसतात आणि मग ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: चहूकडे पाणीच पाणी असताना जहाजं एकमेकांवर आदळतात कशी? कप्तान झोपलेला असतो का? मी जहाजावर डेकच्या बाजूला नोकरी करतो, सध्या सुट्टीवर घरी आहे. दर वेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

समुद्र मोठा आहे हो, रस्ता लहान आहे. मुंबई बंदर उथळ आणि गाळाचं. मोठं कंटेनर जहाज भरलं की चौदा-पंधरा मीटर पाण्याखाली असतं. त्याच्यासाठी समुद्राचा तळ खणून लांबच लांब चर काढलाय, तोच चॅनेल. सरळ भागात त्याची रुंदी साधारण 450 मीटर. त्यातून येणारं जहाज 300 मीटरच्या पुढे लांब. ते आडवं झालं की रस्ता बंद. 2021 च्या मार्चमध्ये सुएझमध्ये 'एव्हर गिव्हन'ने सहा दिवस तेच केलं होतं.

450 मीटरमध्ये पन्नास-पन्नास मीटर रुंदीची दोन जहाजं आरामात मावतील असं वाटतं. पण जहाज काही रुळावरून चालत नाही. डेकवर रचलेल्या कंटेनरना वारा असा पकडतो की सरळ जायचं तर जहाज तिरकंच धरावं लागतं. 300 मीटर लांब आणि 48 मीटर रुंद जहाज 10 अंश तिरकं चाललं तर त्याला जवळपास 100 मीटरचा पट्टा लागतो. दोन्ही बाजूंनी तसंच चाललं असेल तर मध्ये किती उरतं ते मोजा. ओहोटीचा प्रवाह वळणावर आडवा लागतो ते आणखी वेगळं.

यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू आहेत. त्यातला 9 क्रमांकाचा नियम अरुंद चॅनेलचा. आपल्या उजव्या हाताच्या काठाला, सुरक्षितपणे जाता येईल तितकं जवळून चालायचं. (रस्त्यावर आपण डावीकडून जातो, पाण्यात सगळं जग उजवीकडून.) 20 मीटरपेक्षा लहान होड्या, शिडाच्या होड्या आणि मासेमारी करणाऱ्या बोटी यांनी चॅनेलबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडवायचं नाही. त्याची वाट अडणार असेल तर चॅनेल ओलांडायचा नाही. होता होईतो चॅनेलमध्ये नांगर टाकायचा नाही.

नियम वाचायला दहा मिनिटं लागतात. पाळताना खरी गोची वेगळीच असते, ती प्रतिसादांत बोलू. जेवायला हाक आली आहे.

शंकासुर (ठाणे)

वाचतोय. पण मला कळलेलं नाही ते असं. 'सुरक्षितपणे जाता येईल तितकं जवळून' म्हणजे किती? अगदी कडेला चिकटून गेलं तर समोरच्याला जास्त जागा मिळेल ना?

मीनल_ऐरोली

छान धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खाडीकाठ

शंकासुर, नेमक्या जागी बोट ठेवलंत. कडेला चिकटून जाता येत नाही, कारण कड जहाजाला ओढते. जहाज आणि चॅनेलचा उतार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात मागे जातं, तिथला दाब कमी होतो आणि मागचा भाग कडेकडे खेचला जातो. पुढचं टोक मात्र कडेपासून दूर ढकललं जातं. म्हणजे कडेच्या फार जवळ गेलात की नाक आपोआप चॅनेलच्या मधोमध वळतं, समोरून येणाऱ्याच्या दिशेने. सुकाणू पूर्ण फिरवूनही कधीकधी ते आवरत नाही.

दोन जहाजं समोरासमोरून जवळून गेली तर त्यांच्यातही असंच होतं. आधी पुढची टोकं एकमेकांना ढकलतात, मग बाजूला बाजू आली की ओढ लागते, शेवटी मागची टोकं एकमेकांकडे झुकतात. हे सगळं मिनिटाभरात उरकतं म्हणून निभावतं. ओव्हरटेक करताना दोघं कितीतरी वेळ शेजारी-शेजारी असतात, ओढ लागायला भरपूर सवड मिळते. म्हणून अरुंद जागेत ओव्हरटेक जास्त वाईट. पुढच्याने बाजूला होऊन जागा दिल्याशिवाय जाता येत नसेल तर नियमात त्यासाठी भोंग्याने परवानगी मागायची सोय आहे: दोन लांब आणि एक आखूड म्हणजे 'तुझ्या उजवीकडून जातो', दोन लांब आणि दोन आखूड म्हणजे 'डावीकडून'. पुढच्याला मान्य असेल तर तो लांब-आखूड-लांब-आखूड असं उत्तर देतो. पटलं नाही तर पाच आखूड. ते पाच आखूड म्हणजे सभ्य भाषेत 'डोकं ठिकाणावर आहे का?'

वाशीचा_वाटसरू

मग सोपं आहे की. वेग कमी करा. 2 नॉट्सने (ताशी जेमतेम पावणेचार किलोमीटर) गेलं की कुणी कुणाला धडकणार नाही.

खाडीकाठ

2 नॉट्सने जहाज वळतच नाही! सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. मोठ्या कंटेनर जहाजाचं इंजिन सर्वात हळू चालवलं तरी सहा-सात नॉट्स वेग असतो, त्याच्या खाली इंजिन बंद-चालू करत जावं लागतं आणि तेव्हा जहाज वारा नि प्रवाहाच्या तावडीत सापडतं. म्हणून टग (जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या, ताकदवान बोटी) दोर बांधून सोबत लागतात.

जास्त वेगाचंही ऐका. उथळ पाण्यात चालणारं जहाज खाली बसतं. किती बसतं त्यासाठी बॅरस नावाच्या अभ्यासकाचं सोपं सूत्र आहे: जहाजाच्या भरीवपणाचा गुणांक (पाण्याखालचा भाग चौकोनी खोक्याच्या किती जवळ जातो तो आकडा) गुणिले नॉट्समधल्या वेगाचा वर्ग भागिले 100, उत्तर मीटरमध्ये. अरुंद चॅनेल असेल तर त्याच्या दुप्पट. कंटेनर जहाजाचा गुणांक 0.65 धरला तर 10 नॉट्सला चॅनेलमध्ये 1.3 मीटर बसतं, 7 नॉट्सला 0.64. तीन नॉट्स कमी केले की अर्ध्याहून जास्त बसकण गेली. तळाशी पाणी दीड-दोन मीटरच उरलं असेल तर हा फरक जिवावरचा आहे. तळ जवळ आला की जहाज सुकाणूलाही आळसावल्यासारखं उत्तर देतं.

इंजिनरूमवाला (कोपरखैरणे)

खाडीकाठ यांनी वरच्या मजल्याचं सांगितलं, खालचं मी सांगतो. ब्रिजवरून (जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून) 'इंजिन उलटं' असा हुकूम आला म्हणजे लगेच पंखा उलटा फिरतो असं नाही. बहुतेक मोठ्या जहाजांत मुख्य इंजिन थेट पंख्याला जोडलेलं असतं. आधी ते थांबवायचं, मग दाबाची हवा सोडून उलट दिशेने सुरू करायचं. जहाज वेगात असेल तर वाहतं पाणीच पंखा फिरवत राहतं आणि इंजिन थांबायला तयार नसतं. बंदरात शिरताना हवेच्या बाटल्या भरलेल्या आहेत ना हे आम्ही म्हणूनच दहा वेळा बघतो. भरलेलं मोठं जहाज पूर्ण वेगातून थांबायला काही किलोमीटर घेतं. 'ब्रेक मारला का नाही' हा प्रश्न विचारणाऱ्याला एकदा खाली आमच्याकडे पाठवा.

आणि इंजिन उलटं केल्यावर जहाज नुसतं थांबत नाही, वळतंसुद्धा. नेहमीच्या उजव्या फिरकीच्या पंख्याला उलटं फिरवलं की पुढचं टोक उजवीकडे जातं. हॅलिफॅक्सला घात झाला तो इथेच.

प्राजक्ता_पाचपाखाडी

हॅलिफॅक्सचं नीट सांगा ना कुणीतरी. स्फोट एवढंच माहीत आहे.

इंजिनरूमवाला

6 डिसेंबर 1917, कॅनडातलं हॅलिफॅक्स बंदर. मोठ्या आतल्या खाडीला समुद्राशी जोडणारी अरुंद वाट, नाव 'नॅरोज'. आत येत होतं फ्रेंच 'मों ब्लां', पोटात पिक्रिक ॲसिड, टीएनटी, गनकॉटन आणि डेकवर बेन्झॉलचे पिंप. बाहेर निघालं होतं नॉर्वेचं 'इमो', रिकामं, घाईत, बंदराच्या वेगमर्यादेपेक्षा जोरात. 'इमो'ला वाटेत आधी एक जहाज चुकीच्या बाजूने भेटलं. दोन्ही पायलटांनी (बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकारांनी) आपसात ठरवून उलट्या बाजूने वाट दिली. पुढे एका टगला टाळायला 'इमो' आणखी डावीकडे सरकलं आणि पुढून 'मों ब्लां' आलं तेव्हा ते पूर्ण चुकीच्या बाजूला होतं.

'मों ब्लां'ने एक आखूड भोंगा दिला: मी माझ्या उजवीकडे आहे, तू तुझ्या उजवीकडे हो. 'इमो'ने दोन दिले: नाही, मी डावीकडेच राहतो. पुन्हा एक, पुन्हा दोन. शेवटी 'मों ब्लां'ने नाइलाजाने डावीकडे वळण घेतलं. कदाचित चुकवलंही असतं. त्याच क्षणी 'इमो'ने तीन भोंगे देऊन इंजिन उलटं केलं, रिकाम्या जहाजाचं नाक उजवीकडे फिरलं आणि थेट 'मों ब्लां'च्या कुशीत घुसलं. ठिणग्यांनी बेन्झॉल पेटलं. साधारण वीस मिनिटांनी स्फोट. सुमारे 1,800 माणसं गेली, 9,000 जखमी. जहाज जळताना बघायला लोक खिडक्यांशी उभे होते, काचांनी कितीतरी जणांचे डोळे गेले.

यात नियम माहीत नव्हता असा माणूस एकही नव्हता.

खाडीकाठ

ही शेवटची ओळ मला धाग्यात टाकायची होती, तुम्ही आधी टाकलीत. माझं म्हणणं तेवढंच आहे. अरुंद पाण्यात टक्कर होते ती बहुतेक वेळा 'त्याला माझं कळलं असेल' या समजुतीतून. 'इमो'ने वाटेत आपसात केलेली तडजोड पुढच्या जहाजाला माहीतच नव्हती. म्हणून आज जे काही उपाय आहेत ते सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात: कोण कुठे, कधी, कुणाच्या कुठल्या बाजूने जाणार हे अरुंद जागेत पोहोचण्याआधी ठरलेलं आणि दोघांनाही कळलेलं असलं पाहिजे. तिथे पोहोचल्यावर ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

वाशीचा_वाटसरू

म्हणजे तीन हात नाक्यावर जसा सिग्नल असतो तसा समुद्रात लावायला हवा.

खाडीकाठ

आहे, पण नाक्यासारखा नाही. नाक्यावर लाल दिव्याला गाडी उभी राहते, इथे जहाज उभं राहत नाही. म्हणून थांबवायचं असेल तर तासभर आधी, बाहेर नांगरावर असतानाच थांबवावं लागतं. किनाऱ्यावर व्हीटीएस, म्हणजे जहाज वाहतूक नियंत्रण कक्ष असतो. त्याच्याकडे रडार, एआयएस (जहाजाचं नाव, जागा, वेग आपोआप कळवणारी यंत्रणा) आणि व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ). कुठलं जहाज कधी नांगर उचलणार, कधी धक्क्यावरून सुटणार, पायलट कुठे चढणार, हे तिथून जुळवतात. दोन मोठी जहाजं वळणावर समोरासमोर येऊ नयेत म्हणून एकाला धक्क्यावरच पंधरा मिनिटं धरून ठेवणं, हा टक्कर टाळायचा सर्वात स्वस्त उपाय आहे. त्याची बातमी कधी होत नाही.

इस्तंबूलच्या बॉस्फोरसमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. सर्वात अरुंद ठिकाणी 700 मीटर, भयंकर वळणं, जोराचा प्रवाह, दोन्ही काठांना शहर. 1979 मध्ये 'इंडिपेंडेंटा' आणि 1994 मध्ये 'नासिया' या तेलवाहू जहाजांच्या टकरी झाल्या, माणसं होरपळून मेली. 1994 मध्येच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पट्टे वेगळे झाले. आता मोठं जहाज आत घ्यायचं असलं की समोरची वाहतूक थांबवतात.

नेरुळकर_अ

मग न्हावा-शेवाला सरळ एकेरी वाहतूक का नाही करत? सहा तास आत, सहा तास बाहेर.

खाडीकाठ

भरतीमुळे. खोल बुडालेल्या जहाजाला आत यायला आणि बाहेर जायलाही भरतीचं पाणी लागतं. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, ते कोण सोडेल? म्हणजे ज्यांना सर्वात कमी मोकळीक आहे ती सर्वात मोठी जहाजं नेमकी त्याच दोन-तीन तासांत गोळा होतात. त्यात मुंबई बंदराची जहाजं, जवाहर द्वीपला जाणारी तेलवाहू जहाजं, नौदलाची जहाजं, धरमतरला जाणाऱ्या बार्ज. बाहेरचं तोंड सगळ्यांचं एकच. एकेरी वाहतूक काही जहाजांपुरती, काही वेळेपुरती करता येते आणि करतातही. कायमची केली तर निम्मी जहाजं पुढच्या भरतीपर्यंत बाहेर, आणि जहाज एक दिवस नांगरावर उभं ठेवायचा खर्च ऐकलात तर झोप उडेल.

सह्याद्री_ते_सागर

2010 चा उल्लेख अजून कसा नाही आला? 7 ऑगस्ट 2010. 'एमएससी चित्रा' जेएनपीटीहून, म्हणजे न्हावा-शेवाच्या बंदरातून, बाहेर निघालेलं, 'खलिजिया 3' मुंबई बंदराकडे आत येणारं. प्राँग्स दीपगृहाजवळ टक्कर, तीही सकाळी, दिवसाढवळ्या. 'चित्रा' इतकं कललं की कंटेनर धडाधड पाण्यात पडले. ते चॅनेलमध्ये तरंगत राहिल्याने दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. शेकडो टन तेल सांडलं. ते तेल वाशीपर्यंतच्या खारफुटीत आलं. मी तेव्हा वाशीला राहायचो, चिखलावर काळा थर मी स्वतः पाहिलाय.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 30 जानेवारी 2011 ला, नौदलाची 'विंध्यगिरी' आणि 'नॉर्डलेक' हे मालवाहू जहाज संक रॉक दीपगृहाजवळ धडकले. माणसं वाचली, पण फ्रिगेटला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. एवढी यंत्रं असलेली युद्धनौका! माझं मत स्पष्ट आहे. दोन-चार कप्तान आत टाका, बघा कसे सरळ होतात.

खाडीकाठ

कप्तान आत टाकून कप्तान सरळ होतील, चॅनेल नाही. दोन्ही घटनांत एक गोष्ट समान दिसते: एक जहाज एका बंदराचं गिऱ्हाईक, दुसरं दुसऱ्या कुणाचं, आणि दोघं भेटली सामाईक तोंडाशी. ज्या बंदरात दोन-तीन यंत्रणा एकाच पाण्यात आपापली जहाजं हलवतात तिथे सगळ्यांना एकच चित्र दिसणं आणि सगळ्यांनी एकाच वाहिनीवर बोलणं हे पायलटच्या हुशारीपेक्षा जास्त महत्त्वाचं.

डेककॅडेट_करावे

सर, मी करावेच्या टीएस चाणक्यला होतो. सिम्युलेटरवर आम्हाला अरुंद चॅनेलचा सराव देताना व्हीएचएफवर फार बोललं की रागवायचे. का ते तेव्हा कळलं नाही. बोलून ठरवणं चांगलंच ना?

खाडीकाठ

नाव घेऊन, वेळेत आणि नेमकं बोललं तर चांगलं. पण होतं असं. धूसर हवेत रडारवर सहा ठिपके. एक जण म्हणतो, 'माझ्या समोरच्या जहाजा, डावीकडून डावीकडे जाऊ.' उत्तर येतं, 'ठीक आहे.' ते उत्तर भलत्याच जहाजाने दिलेलं असतं! अशा टकरी इतक्या झाल्या आहेत की आमच्या धंद्यात त्यांना 'व्हीएचएफच्या मदतीने झालेली टक्कर' म्हणतात. एआयएसमुळे नाव दिसायला लागलं, त्याने फरक पडला. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक वाक्यांची यादीही मंजूर केली, कारण फिलिपिनो, युक्रेनियन, चिनी आणि आपण, सगळ्यांचं इंग्रजी आपापल्या गावचं.

तरी नियमांत बोलणं हे वळण घेण्याला पर्याय नाही. लवकर वळायचं आणि समोरच्याच्या नजरेत येईल इतकं ठळक वळायचं. पाच-पाच अंशांनी चोरून वळलेलं समोरच्याला कळत नाही. चॅनेलमध्ये ठळक वळायला जागा नसते, म्हणून तिथे वळण्याऐवजी वेळ बदलायचा.

शंकासुर

आता एआय आलंय. रडार, एआयएस सगळं जोडा, धोका दिसला की अलार्म. माणूस हवाच कशाला?

इंजिनरूमवाला

अलार्म आहेतच, मालक. दोन जहाजं किती जवळून जाणार आणि किती वेळात, हे यंत्र सतत मोजतं. मोकळ्या समुद्रासाठी ते उत्तम. चॅनेलमध्ये प्रत्येक जहाज जवळूनच जाणार असतं, त्यामुळे अलार्म अखंड वाजतो आणि मग कुणीतरी तो बंद करतो. तो बंद करणारा निष्काळजी नसतो, त्याला पायलटचं बोलणं ऐकायचं असतं.

खाडीकाठ

आणि यंत्राला जे दिसत नाही ते तर आपल्याकडे सर्वात जास्त. एआयएस सक्तीचा आहे तो आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या जहाजांना आणि आणखी काही प्रकारच्या जहाजांना. छोट्या होडीला नाही. पावसाळ्यात सरीने रडारचा पडदा पांढरा होतो, लाकडी होडी त्यात हरवते. आत येताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवे बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा), त्यांच्या मधून तीस-चाळीस होड्या, आणि पडद्यावर काही नाही.

दिवाळेकर

मी दिवाळे कोळीवाड्याचा. कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. 'छोट्या होड्यांनी अडवायचं नाही' हे वरती वाचलं म्हणून लिहितो. ज्या पाण्याला तुम्ही चॅनेल म्हणता तिथे आमच्या आजोबांची डोल लागायची. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, पाण्याच्या ओढीवर मासळी शिरते. जहाज आलं म्हणून ते उचलून बाजूला करता येत नाही. वर्षावर्षाला चॅनेल रुंद होतो, खोल होतो, आणि आम्हाला सांगतात बाजूला व्हा. 2010 ला तेल आलं तेव्हा जाळी गेली आणि मासळी खायला कुणी तयार नव्हतं. धडक दोन जहाजांची, आणि बाजारात आमच्या बायका रिकाम्या बसल्या.

रात्री इंजिन बंद पडलं की जहाजाला काय दिसतं आमचं? एक टॉर्च. त्यांचा भोंगा ऐकू येतो तेव्हा जहाज डोक्यावर असतं.

सह्याद्री_ते_सागर

पूर्ण सहमत. +1

खाडीकाठ

दिवाळेकर, लिहिलंत ते फार बरं झालं. दोन गोष्टी सांगतो, कामाच्या आहेत.

एक. 'अडवू नका' याचा अर्थ मोठ्या जहाजाला मोकळं रान असा होत नाही. टक्करीचा धोका तयार झाला की बाकीचे नियम दोघांनाही लागू होतात. नियम 8 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. होडी वाटेत होती म्हणून जहाज सुटत नाही. डोल कुठे लावायची नि चॅनेल कुठून न्यायचा हे मात्र नियम 9 ने सुटणारं भांडण नाही, ते खणायच्या आधी किनाऱ्यावर बसून सोडवायचं होतं. तिथे तुमच्या बाजूने बोलायला नियम अपुरे आहेत हे मला मान्य आहे.

दोन. जहाजावरून काय दिसतं ते. ब्रिज बहुधा मागे असतो आणि पुढे कंटेनरची भिंत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजाच्या पुढच्या टोकापासून दोन जहाजलांबी किंवा 500 मीटर, यातलं जे कमी असेल तितकं पाणी झाकलं गेलं तरी चालतं. म्हणजे 300 मीटरच्या जहाजाच्या पुढ्यात अर्धा किलोमीटर आंधळं पाणी असू शकतं. 8 नॉट्सने तेवढं अंतर दोन मिनिटांत संपतं. तुम्हाला ब्रिजच्या काचा दिसत नसतील तर ब्रिजवरच्या माणसाला तुम्ही दिसत नाही. ओलांडायचं तर काटकोनात, आणि जहाजाच्या मागून. पुढून 'एवढ्यात निघून जाऊ' हा हिशेब इंजिन धड चालेल या भरवशावर असतो.

दिवाळेकर

मागूनच जातो आम्ही. तांडेल (होडीचा म्होरक्या) शिकवतोच ते. जहाजाची नाळ (पुढचं टोक) आपल्या डोलकाठीच्या एकाच रेषेत धरून राहिली, हललीच नाही, तर ते आपल्यावर येतंय. पुढे किंवा मागे सरकली तर निघून जाईल. पण जे पर्यटकांच्या स्पीडबोटी चालवतात त्यांना हे कोण शिकवणार?

खाडीकाठ

तुमचा तांडेल सांगतो तेच नियम 7 मध्ये आहे. दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर धोका आहे असं समजायचं. शंका असेल तरी धोका आहे असंच समजायचं.

मीनल_ऐरोली

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाताना लाँच कधीकधी मध्येच रेंगाळते आणि लोक ओरडायला लागतात, 'चला लवकर'. ते यासाठी का? आणि नीलकमल लाँचची दुर्घटना? ती कशी झाली? त्या बातमीनंतर माझ्या सासूबाई लाँचला पाय लावायला तयार नाहीत.

खाडीकाठ

हो, बहुतेक वेळा मोठं जहाज पुढून जाऊ देतात. त्या तांडेलावर ओरडू नका, तो बरोबर वागतोय.

नीलकमल ही चॅनेलमधल्या दोन जहाजांची टक्कर नव्हती. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनची चाचणी चालू होती. 15 माणसं गेली. लाँचमध्ये परवान्यापेक्षा जास्त प्रवासी होते. फेरीबोटींच्या वाटेवर वेगाची चाचणी का, हा प्रश्न टक्कर टाळण्याच्या नियमांपेक्षा आधीचा आहे. सासूबाईंना सांगा, जॅकेट बाकाखाली असेल तर मागून घ्या आणि बसल्याबरोबर अंगात घाला. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

सह्याद्री_ते_सागर

नौदल आहे म्हणून कुणी काही बोलत नाही. सामान्य माणूस असता तर...

संपादक

नीलकमलबद्दलची राजकीय चर्चा कृपया वेगळ्या धाग्यात. दोन प्रतिसाद काढले आहेत.

नेरुळकर_अ

मच्छीमारांच्या बोटींना ट्रान्सपॉन्डर देणार होते ना? पालघरला वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या दिवशी, 30 ऑगस्ट 2024 ला, त्या योजनेची सुरुवात झाली होती. एक लाख बोटींचं उद्दिष्ट होतं.

खाडीकाठ

हो, इस्रोच्या उपग्रहावर चालणारी यंत्रणा. वादळाची सूचना, संकटाचा संदेश, हद्द जवळ आली की इशारा, यासाठी फार चांगली. पण ती आणि जहाजावरचा एआयएस या दोन वेगळ्या गोष्टी. होडीवर ट्रान्सपॉन्डर बसला म्हणजे ब्रिजवरच्या पडद्यावर ती आपोआप उमटली असं समजू नका. चॅनेलच्या तोंडाशी जुन्या गोष्टीच जास्त उपयोगाच्या: उंचावर लावलेला नीट दिवा आणि डोलकाठीवर रडारची लहर परतवणारा धातूचा रिफ्लेक्टर. खर्च फारसा नाही.

डेककॅडेट_करावे

आणि पायलट? पायलट चढला की कप्तानाची जबाबदारी संपते असं बरेच जण धरून चालतात.

खाडीकाठ

संपत नाही. पायलटला पाणी माहीत, कप्तानाला जहाज माहीत. म्हणून चढल्याबरोबर दोघांनी कागद समोर ठेवून बोलायचं: ड्राफ्ट (जहाज पाण्याखाली किती खोल आहे ते) किती, इंजिन उलटं व्हायला किती वेळ लागतो, समोरून कोण येतंय, कुठे भेटणार, भेट बिघडली तर थांबायची जागा कुठली. पायलट दमलेला असतो, दिवसातलं कितवं तरी जहाज असतं, कप्तान रात्रभर जागा असतो. त्यामुळे हे बोलणं दोन मिनिटांत उरकायचा मोह होतो. तिसरा ऑफिसर कोवळा असला तर 'सर, समोरचा आपल्या बाजूला आलाय' असं पायलटच्या तोंडावर सांगायला कचरतो. आता त्याचं प्रशिक्षण देतात, तरी ज्येष्ठांसमोर गप्प बसायची सवय आपल्यात मुरलेली आहे. तू मात्र बोल. चुकीचा बोललास तर ओरडा खाशील, बस्स.

शंकासुर

शेवटची शंका. रात्री मी लाँचच्या पुढच्या बाजूला उभा आहे आणि समोर लाल-हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसतायत. म्हणजे काय?

इंजिनरूमवाला

म्हणजे ते थेट तुमच्याकडे येतंय. नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू, नुसता हिरवा तर उजवी. दोन्ही दिसले तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. तुम्ही वळू नका, तांडेलाला वळू द्या.

दिवाळेकर

खाडीकाठ साहेब, ते 500 मीटरचं आमच्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं एवढ्या उंचावरून सगळं दिसत असेल. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा एका संध्याकाळी आमच्या मच्छीमार सोसायटीत येऊन सांगाल का? सीवूड्सहून लांब नाही.

खाडीकाठ

येतो. जहाजावर परत जायला अजून वेळ आहे. दिवस तुम्ही कळवा. ब्रिजवरून पुढे कुठवर पाणी झाकलं जातं त्याची आकृती मोठ्या कागदावर काढून आणतो. डेककॅडेट, तूही चल, करावेहून जवळच आहे.

डेककॅडेट_करावे

नक्की सर. दिवे आणि भोंग्यांचं मी सांगतो.